गरम होणं, आवाज आणि आपोआप रिस्टार्ट: एक आजार समजू नकोस, आधी तिन्ही वेगळे कर

तुझा प्रश्न दोनदा वाचला. मला जे कळलं ते आधी लिहितो, कुठे चुकलं तर सांग. गेल्या दिवाळीत लॅमिंग्टन रोडवरून पार्ट आणून तू स्वतः पीसी जोडलास. रायझन ५ ५६०० प्रोसेसर (सीपीयू), कूलर त्याच्याच डब्यात आलेला, बी५५० बोर्ड, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी रॅम, ५५० वॅटचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा), पुढे काचेचं पॅनेल असलेलं कॅबिनेट, खाली जुना ६०० व्हीएचा यूपीएस. हिवाळाभर काही त्रास नाही. एप्रिलमध्ये गेम लावला की सीपीयू ८८-९० वर जायला लागला आणि पंख्यांचा आवाज इतका की आई बाहेरच्या खोलीतून ओरडते. मे महिन्याच्या शेवटी एक व्हिडिओ बघून बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) कसलंतरी मायनस ३० केलंस, तापमान पाच-सहा डिग्री उतरलं. आणि जूनपासून आठवड्यातून चार-पाच वेळा पीसी खट्टकन बंद होऊन परत चालू होतो, त्यातून बहुतेक वेळा यूट्यूब बघताना किंवा नुसता चालू ठेवून जेवायला गेलास तेव्हा, आणि दोनदा गेम चालू असताना. दुकानदार म्हणतोय बोर्ड गेला, बदल. घरून आता पैसे मिळणार नाहीत. सेकंड इयरला आहेस म्हणून सरळ अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस.

बोर्ड बदलू नकोस. खरं तर पुढचे चार दिवस काहीच विकत घेऊ नकोस.

मी वीसेक वर्षं हेच काम करतो, आधी ग्रँट रोडला दुसऱ्याच्या दुकानात बेंचवर होतो आणि आता दादरला स्वतःचं छोटं काम आहे, आणि तुझ्यासारखी केस दर पावसाळ्यात येते. गरम होतो, आवाज करतो, रिस्टार्ट होतो, या तीन गोष्टी एकत्र दिसल्या की माणूस आपसूकच त्याची एक साखळी बनवतो: गरम होतोय म्हणून आवाज करतोय आणि गरम होतोय म्हणूनच बंद पडतोय. पहिला अर्धा भाग बरोबर आहे. दुसरा बहुतेक वेळा चुकीचा असतो, आणि सगळा खर्च त्या चुकीतूनच होतो.

का चुकीचा ते सांगतो. आजचा प्रोसेसर गरम झाला तर आधी स्वतःचा वेग कमी करतो. ५६०० ची कमाल मर्यादा ९० डिग्री आहे, तिथे पोचला की तो क्लॉक (म्हणजे वेग) आणि व्होल्टेज खाली आणतो आणि तिथेच रेंगाळत राहतो. गेम थोडा अडखळेल, पण पीसी चालू राहील. त्याच्याही पलीकडे तापमान गेलं, म्हणजे कूलर सुटलाय किंवा पंखा बंद पडलाय, तर तो सरळ बंद होतो आणि सहसा बंदच राहतो, स्वतःहून परत उठत नाही. तुझा पीसी उठतोय. आणि मुख्य म्हणजे तो यूट्यूबवर पडतोय, जेव्हा सीपीयू ५० डिग्रीच्या आसपास असणार. ज्या वेळी तो थंड आहे त्या वेळच्या रिस्टार्टचा दोष उष्णतेवर कसा टाकायचा?

आता मायनस ३० बद्दल. तू ते वाक्य प्रश्नाच्या शेवटी जाता जाता लिहिलंयस, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. ती सेटिंग कर्व्ह ऑप्टिमायझर असणार, पीबीओच्या (प्रोसेसरला ठरलेल्या मर्यादेपलीकडे वेग घेऊ देणाऱ्या सोयीच्या) मेनूत असते. प्रत्येक फ्रिक्वेन्सीला किती व्होल्टेज द्यायचं याचा एक आलेख कारखान्यात ठरलेला असतो, तो आलेख तू सगळ्या सहा कोअरसाठी, म्हणजे प्रोसेसरमधल्या काम करणाऱ्या सहाही भागांसाठी, खाली ओढलास. एक आकडा म्हणजे साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट, म्हणजे ३० म्हटलं की ९० ते १५० मिलिव्होल्ट कमी. व्होल्टेज कमी म्हणून उष्णता कमी, तुझे पाच-सहा डिग्री तिथूनच आले. पण प्रत्येक कोअर सारखा नसतो. एकाच चिपमधले दोन कोअर मायनस ३० आरामात सहन करतात आणि तिसरा मायनस १५ लाच रडतो, हे मी कितीतरी वेळा बघितलंय. व्हिडिओवाल्याच्या चिपला चाललं म्हणून तुझ्या चिपला चालेल असं नाही.

आणि इथे सगळ्यांना फसवणारी गोष्ट अशी की हा त्रास फुल लोडवर दिसत नाही. सिनेबेंच, म्हणजे प्रोसेसरला पूर्ण राबवणारी टेस्ट, लावलीस तर सहाही कोअर एकदम राबतात, त्यामुळे प्रत्येकाचा क्लॉक जरा खालीच असतो, तेवढ्या क्लॉकला कमी केलेलं व्होल्टेज पुरतं, टेस्ट पास. यूट्यूब बघताना मात्र पाच कोअर झोपलेले असतात आणि एकच कोअर क्षणभर उठून थेट ४.४ गिगाहर्ट्झला उडी मारतो, त्या एका क्षणी त्याला जास्तीत जास्त व्होल्टेज लागतं आणि नेमकं तिथेच तू कापलेलं असतं. हिशेब चुकतो, प्रोसेसर स्वतःच एरर उठवतो आणि रिस्टार्ट. म्हणून 'मी दोन तास टेस्ट लावली, पास झाली, म्हणजे सेटिंग बरोबर आहे' हे या बाबतीत पुरेसं नाही.

मी असं म्हणत नाहीये की नक्की हेच आहे. कारण तुझ्याकडे जूनमध्ये अजून एक गोष्ट बदलली, पाऊस सुरू झाला. पावसाळ्यात लाईट सेकंदभर जाऊन येते, व्होल्टेज हलतं, दमट हवेने कनेक्टर खराब होतात. दोन बदल एकदम झाले की कुठला खरा गुन्हेगार हे नुसतं विचार करून कळत नाही, वेगळं करून बघावं लागतं. सुदैवाने एक बदल फुकटात मागे घेता येतो. बायोसमध्ये जा, कर्व्ह ऑप्टिमायझर बंद कर, पीबीओ ऑटोवर किंवा डिसेबल्डवर ठेव, आणि त्याच वेळी दुसरं काहीही बदलू नकोस. रॅम काढून पुसू नकोस, यूपीएस हलवू नकोस, प्रोसेसर आणि कूलरच्या मधली पेस्ट नव्याने लावू नकोस, मोह होईल तरी नको. चार-पाच दिवस तसाच वापर. गरम होईल, आवाज करेल, होऊ दे, त्याचं नंतर बघू. जर यूट्यूबवरचे रिस्टार्ट थांबले तर अर्धं काम तिथेच झालं.

हे करण्याआधी एक पाच मिनिटांचं काम कर, म्हणजे अंदाजाऐवजी पुरावा हातात असेल. विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर उघड, विंडोज लॉग्जमध्ये सिस्टीम, आणि शेवटच्या रिस्टार्टची वेळ शोध. तुला कर्नल-पॉवर ४१ अशी लाल नोंद दिसेल. ती बघून बरेच जण 'पॉवर लिहिलंय म्हणजे एसएमपीएस गेला' म्हणतात, ते चूक आहे. ४१ चा अर्थ एवढाच की मागच्या वेळी मशीन नीट शटडाऊन न होता बंद झालं होतं. ती नोंद परत चालू झाल्यावर लिहिली जाते, कारण सांगत नाही. खरी नोंद तिच्या आजूबाजूला शोध. व्ही-लॉगर १८ दिसली, आणि आत कॅशे हायरार्की एरर असं काही लिहिलं असेल, तर प्रोसेसरने स्वतः तक्रार केलीय आणि माझा संशय जवळजवळ पक्का झाला. स्क्रीनवर 'व्ही'च्या जागी इंग्रजीत डब्ल्यूएचईए अशी अक्षरं दिसतील. ४१ च्या तपशिलात बगचेक कोडसमोर शून्य नसून दुसरा आकडा असेल तर निळी स्क्रीन आली होती पण विंडोजने ती तुला दाखवायच्या आत रिस्टार्ट केलं, मग सिस्टीम प्रॉपर्टीजमध्ये स्टार्टअप अँड रिकव्हरीत जाऊन ऑटोमॅटिकली रिस्टार्टची खूण काढून टाक, पुढच्या वेळी स्क्रीन थांबेल, फोटो काढ. अशा वेळी मी आधी रॅमकडे बघतो. आणि नुसती ४१ असेल, कोड शून्य, बाकी काहीच नाही, तर वीज कुठेतरी तुटली असण्याची शक्यता वाढते. वाढते म्हणतोय, सिद्ध होते म्हणत नाही.

ते गेमवाले दोन रिस्टार्ट मला वेगळे वाटतायत, ते मायनस ३० मुळे असतीलही, पण ते वेगळे धरूनच चालू. इथे वीज बघायची. आकड्यांनी पाहिलं तर ५६०० जास्तीत जास्त ७६ वॅट घेतो, ३०६० घेते १७०, बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून अजून पन्नास-साठ. तीनशेच्या आसपास. म्हणजे ५५० वॅट पुरायला हवेत. पण एसएमपीएसच्या डब्यावरचा मोठा आकडा बघायचा नसतो, बाजूचं स्टिकर बघायचं, त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते. चांगल्या ५५० मध्ये चाळीसच्या वर असतात, म्हणजे १२ गुणिले ४०, ४८० वॅट, आणि सीपीयू आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही याच १२ वर जगतात. तिथे २८-३० अँपिअरच लिहिले असतील तर तो खरा साडेतीनशे वॅटचा आहे, बाकीचा आकडा ५ व्होल्ट आणि ३.३ व्होल्टमध्ये घालून फुगवलाय. ग्राफिक्स कार्ड काही मिलिसेकंदांसाठी स्वतःच्या आकड्याच्या बरंच वर झटका मारतं, तो झटका कमजोर एसएमपीएसला झेपत नाही आणि तो स्वतःला वाचवायला बंद पडतो. स्टिकरचा फोटो टाक, मी सांगतो.

पण त्याच्याही आधी तो यूपीएस. माझ्याकडे येणाऱ्या 'गेममध्ये रिस्टार्ट' केसेसमध्ये हा डबा फार वेळा निघतो आणि त्याच्याकडे कोणी बघत नाही, कारण तो तर संरक्षणासाठी आहे ना! ६०० व्हीए लिहिलेल्या घरगुती यूपीएसची खरी ताकद साधारण ३६० वॅट असते. पीसी तीनशे, त्यात एसएमपीएसमधली थोडी गळती, त्यावर मॉनिटर, की तू काठावर आलास. एरवी मेनवर चालताना काही कळत नाही. पण फ्रिज किंवा एसी चालू होताना व्होल्टेज क्षणभर खाली गेलं, यूपीएसने बॅटरीवर उडी मारली, बॅटरी जुनी, आणि गेम चालू असल्यामुळे लोड पूर्ण, की तो भार उचलायच्या आत सगळं पडतं. शिवाय एसएमपीएसजवळ स्वतःची साठवण फारच थोडी असते, वीज तुटली तर साधारण १६-१७ मिलिसेकंद तो तग धरतो, आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचं एक चक्रच २० मिलिसेकंदांचं असतं, तेव्हा जागा किती कमी आहे बघ. लालबागला एका चाळीत असाच पीसी रोज संध्याकाळी सातच्या सुमाराला रिस्टार्ट व्हायचा. मी बोर्ड तपासला, रॅम तपासली, माझ्या बेंचवर दोन दिवस चालवला, काही नाही. शेवटी सात वाजता त्यांच्या घरी जाऊन बसलो, तर त्या वेळी स्वयंपाकघरात मिक्सर लागायचा, त्याच सॉकेटच्या लाईनवर, आणि यूपीएसची बॅटरी तीन वर्षांची. बॅटरी बदलली आणि ते थांबलं. तेव्हापासून मी विचारतो, बंद पडतो ते किती वाजता, आणि त्या वेळी घरात काय चालू होतं.

तर तुझी परीक्षा अशी: पहिले चार-पाच दिवस झाल्यावर, यूपीएस बाजूला करून पीसी थेट भिंतीच्या सॉकेटला लाव, स्पाईक गार्डही नको, आणि गेम खेळ. फार जोराचा पाऊस किंवा विजा असतील तेव्हा हे करू नकोस. थेट भिंतीवर गेममध्ये पडत नसेल तर यूपीएसची बॅटरी किंवा यूपीएसच.

भिंतीचं निघालंच आहे तर अर्थिंग. कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूला उघडा हात लागला, पाय फरशीवर, की मुंग्या येतात का? येत असतील तर सॉकेटमधली ती मोठी पिन नावापुरती आहे, आत अर्थची वायर नाही किंवा तुटलीय. एसएमपीएसच्या आत फिल्टरचे दोन कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलकडून कॅबिनेटला जोडलेले असतात, अर्थ नसेल तर कॅबिनेटवर निम्मं व्होल्टेज, म्हणजे ११५ च्या आसपास, येऊन बसतं. करंट अगदी थोडा असतो म्हणून नुसत्या मुंग्या येतात, पण ती चांगली खूण नाही, यूएसबीवर काही जोडताना त्याच मार्गाने पोर्ट जातात. आपल्याकडच्या जुन्या इमारतीत हे सर्रास आहे. हे स्वतः तपासायला जाऊ नकोस, वायरमनला बोलाव, तो मीटरने फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ दोन्ही मोजेल, दोन्ही जवळपास सारखे यायला हवेत, आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. एवढं मात्र मनापासून सांगतो, एसएमपीएसचा डबा कधीही उघडू नकोस, बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज राहतो.

आणि एक साधी गोष्ट राहून जाते. कॅबिनेटच्या रिसेट बटणाची वायर. बोर्डाच्या कोपऱ्यात ती दोन पिनांवर बसते, बटण आत अडकलं असेल किंवा दमट हवेने शॉर्ट होत असेल तर पीसी कुठलाही माग न सोडता रिस्टार्ट होतो. मी एकदा एका गिऱ्हाइकाचा बोर्ड बदलायला लावला होता आणि नवीन बोर्डावरही तेच झालं, मग कळलं बटण होतं. त्या माणसाचे पैसे गेले, ते मला अजून डाचतं. त्यामुळे वरच्या दोन्ही परीक्षा होऊनही रिस्टार्ट राहिले तर ती वायर काढून ठेव, रिसेट बटणाशिवाय काही अडत नाही. रॅमची पाळी त्यानंतर. एक्सएमपी (रॅमला जास्त वेगाने चालवणारी बायोसमधली सेटिंग) बंद करून दोन दिवस, आणि रात्री मेमटेस्ट८६ ही रॅमची टेस्ट पेनड्राइव्हवरून लावून झोप, चार फेऱ्या होतात, एकही एरर आली तरी ती रॅम किंवा ती सेटिंग नापास. दोन पट्ट्या असतील तर सीपीयूकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये आहेत ना तेही बघ.

आता गरम होण्याकडे येतो, कारण मायनस ३० काढलंस की ते ८८-९० परत दिसणार आणि तू घाबरणार.

तू कुठल्यातरी परीक्षणात वाचलं असशील की या प्रोसेसरला ७५ यायला हवेत. ते माप एसी खोलीत, २०-२२ डिग्रीला घेतलेलं असतं. तू भांडुपला वरच्या मजल्यावर, दिवसभर स्लॅब तापलेला, खोलीत ३३. हवेने थंड होणारी कुठलीही वस्तू खोलीपेक्षा थंड होऊ शकत नाही, तिचं तापमान खोलीच्या वर अमुक डिग्री असंच मोजायचं. त्यांचे ७५ म्हणजे खोलीच्या वर ५३, तुझ्या खोलीत तेच ८६ होतात. म्हणजे तुझा पीसी आजारी आहे असं यावरून ठरत नाही. म्हणून सीपीयूचं तापमान लिहितोस तेव्हा शेजारी खोलीचंही लिहीत जा. डब्यातला तो छोटा कूलर ६५ वॅटच्या वर्गासाठी पुरेसा म्हणून दिलेला आहे, मुंबईतल्या मे महिन्यासाठी तो काठावरच असतो.

तरीही काही चुकतंय का हे बघायची माझी पद्धत अशी. एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर लाव, सिनेबेंच सुरू कर आणि घड्याळाकडे बघ. तापमान दोन-तीन सेकंदांतच ४५ वरून ८५ ला उडी मारत असेल तर उष्णता चिपमधून कूलरमध्ये जातच नाहीये, म्हणजे पेस्ट सुकलीय किंवा कूलर एका बाजूने सैल आहे. पण ते हळूहळू दहा-पंधरा मिनिटं चढत जात असेल तर कूलर आपलं काम करतोय, कॅबिनेटमधली हवाच तापत चाललीय. मग डाव्या बाजूची काच काढून तीच टेस्ट. सात-आठ डिग्री किंवा जास्त उतरले तर हवा येत-जात नाहीये. दोन-तीनच उतरले तर परत पेस्ट आणि कूलर. याच स्क्रीनवर सीपीयू पीपीटी नावाची ओळ बघ, प्रोसेसर किती वीज घेतोय ते ती सांगते, ७६ वॅटच्या पुढे जात असेल तर बोर्डाने स्वतःहून पीबीओ चालू करून ठेवलंय, ते बंद केलंस की फुकटात पाच-सात डिग्री मिळतील. ग्राफिक्स कार्डाचं हॉटस्पॉट (सर्वात गरम जागेचं तापमान) आणि साधं तापमान यांत पंधराच्या आत फरक असेल तर कार्डाला हात लावू नकोस.

तुझ्या वर्णनावरून माझी पैज कॅबिनेटवर आहे. पुढे पूर्ण काच, बाजूला बोटभर फट, आत तीन रंगीत पंखे. ते पंखे हवा कुठून ओढणार? पुढची काच काढता येत असेल तर काढून एक संध्याकाळ खेळून बघ. फरक मोठा पडला तर ती काच उन्हाळ्यात काढूनच ठेव किंवा स्पेसर टाकून बोटभर पुढे घे. पंख्यांची दिशाही तपास, ज्या बाजूला जाळीसारखे आडवे दांडे आणि स्टिकर असतं त्या बाजूने हवा बाहेर पडते. पुढचे आत, मागचा बाहेर. स्वतः पहिल्यांदा जोडणाऱ्यांकडून मागचा पंखा उलटा लागलेला मी बऱ्याचदा बघितलाय आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पीसी टेबलाच्या बंद खणात असेल तर बाहेर काढ, मागे निदान वीतभर जागा सोड.

आणि धूळ. आपल्याकडची धूळ कोरडी नसते, समुद्राची दमट हवा, फोडणीचा तेलकट धूर, अगरबत्ती, बाहेर चाललेलं बांधकाम, सगळं मिळून काळपट चिकट थर बसतो, नुसत्या ब्लोअरने निघत नाही. मऊ ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेव, मोकळी फिरू दिलीस तर बेअरिंग जातं. आठ महिन्यांत हिवाळ्यापेक्षा तापमान वाढलं त्यात थोडा वाटा खोलीचा, थोडा या थराचा.

पेस्ट बदलायची वेळ आलीच तर हे नीट वाच, कारण इथे प्रोसेसर जातो. तुझ्या बोर्डाच्या एएम४ सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरला असतात, सुकलेल्या पेस्टने कूलरला चिकटून प्रोसेसर लॉक असतानाही सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. म्हणून आधी दहा मिनिटं लोड देऊन पीसी गरम कर, मग बंद, वायर काढ, कॅबिनेट आडवं झोपव. तुझ्या कूलरचे चार स्क्रू थेट बोर्डामागच्या प्लेटमध्ये जातात, कॅबिनेट उभं असेल तर ती प्लेट मागे पडते. स्क्रू समोरासमोरचे थोडेथोडे सैल कर, मग कूलर सरळ ओढू नकोस, डावी-उजवीकडे हळू पिळत पिळत सोडव. जुनी पेस्ट अल्कोहोलने पुसून मटाराच्या दाण्याएवढी नवी, मधोमध. बसवतानाही समोरासमोरचे स्क्रू थोडेथोडे, एक पूर्ण आवळून मग दुसरा असं नाही.

आवाजाचं फार लिहीत नाही, कारण हवा सुधारली की तो निम्मा जाईल. फक्त ओळख. पंखा सारखा वर-खाली होत असेल, वूं करून परत शांत, तर तो पंख्याचा दोष नाही, रायझनचं तापमान क्षणात दहा-पंधरा डिग्री उडतं आणि बोर्ड प्रत्येक उडीमागे धावतो. बायोसमध्ये फॅन कर्व्हला उशीर द्यायची सेटिंग असते, तीन-चार सेकंद दे, आणि ७० डिग्रीपर्यंत आलेख सपाट ठेव. खरखर किंवा टकटक असेल तर कागदाची सुरळी करून एक टोक कानाला आणि दुसरं एकेका पंख्याजवळ धर, कुठला ते लगेच कळतं. पंखा बदलणं स्वस्तातलं काम आहे. गेमच्या मेनूत बारीक चिरका आवाज येत असेल आणि फ्रेम रेटवर मर्यादा घातली की थांबत असेल तर तो कार्डाच्या कॉइलचा, कानाला त्रास देतो, बिघाड नाही.

कर्व्ह ऑप्टिमायझर कायमचं सोड असं मी म्हणणार नाही, चांगली सोय आहे. सगळं स्थिर झाल्यावर, दोन आठवडे एकही रिस्टार्ट नाही असं झाल्यावर, मायनस १० पासून सुरू कर, आठवडाभर रोजचा वापर, मग १५. बायोसने दाखवलेला सर्वात चांगला कोअर असतो त्याला सगळ्यात कमी कापायचं, कारण सर्वात वर तोच उडी मारतो. त्याऐवजी इको मोड (प्रोसेसरची वीज मर्यादेत ठेवणारी सेटिंग) ४५ वॅटला ठेवलंस तरी गेममध्ये फार कमी फरक पडेल आणि उष्णता खूपच उतरेल, आणि त्यात रिस्टार्टची भीती नाही. तुझ्या खोलीसाठी, तुझ्या कूलरवर, मी तरी तेच ठेवेन.

मला चार गोष्टी कळव: इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४१ च्या शेजारी काय सापडलं, एसएमपीएसच्या स्टिकरचा फोटो, सेटिंग काढल्यावर चार दिवसांत किती वेळा पडला आणि किती वाजता, आणि काच काढून व न काढता पंधरा मिनिटांनंतरचं तापमान, खोलीच्या आकड्यासकट. दुकानदाराला तोवर एवढंच सांग की तपासतोय. सेटिंग काढूनही तीच व्ही-लॉगर १८ येत राहिली, बायोस अपडेट आणि एक्सएमपी बंद करूनही, तर मग खरंच प्रोसेसर किंवा बोर्ड. डब्यातून घेतलेल्या प्रोसेसरला तीन वर्षांची वॉरंटी असते, तेव्हा बिल आणि प्रोसेसरचा डबा दोन्ही आजच शोधून ठेव.